आठाची जागा

माझ्या गणिताच्या सरांनी मला फसवलं. चुकून नाही, चूक कळल्यावर.

मी लोहगडाखालच्या वाडीतली. मळवलीपर्यंत पायी आणि पुढे गाडीने लोणावळ्याच्या शाळेत जायची. उन्हाळ्यात आईबरोबर स्टेशनावर करवंदं विकायची. पवनेच्या धरणासाठी मोजणी करणारे ओव्हरसियर मी पाहिले होते. मला तेच व्हायचं होतं. त्यासाठी दहावीला बीजगणित-भूमिती मिळायला हवी होती. साधं गणित पदरात पडलं की ती वाट बंद. नववीच्या शेवटी सर एक चाचणी घेऊन पोरं निवडत.

चाचणीच्या दिवशी फळ्यावर समीकरण होतं: ८ − ३क्ष² + २क्ष = ०. क्ष-वर्गाचा सहगुणक, क्षचा सहगुणक आणि स्थिरपद ओळखायचं. एरवी सर वर्गाचं पद आधी लिहीत आणि आमच्याकडून घोकून घेत, 'पहिला अ, दुसरा ब, तिसरा क.' त्या दिवशी पदांची उलटापालट त्यांनीच केली, उत्तर मात्र घोकंपट्टीचंच धरलं. अख्ख्या वर्गाने ८, −३, २ लिहिलं. मी लिहिलं −३, २, ८. कागद परत आला तेव्हा माझ्या उत्तरावर फुली होती, आणि त्या एका मार्काने माझी निवड हुकली होती.

मी तडक उठले. "सर, चुकलंय."

"व्हय, तुझंच."

"करवंदं पाटीत वर ठेवली म्हणून त्यांचे आंबे होतात का? ज्याला क्ष चिकटलेलाच नाही, तो आठ वर्गाचा कसा?"

पोरं हसली. मागून कोणी म्हणालं, "बाई, भाव सांगा!"

"बाजार स्टेशनावर करायचा," सर म्हणाले. "खाली बस."

मी बसले नाही. "क्षच्या जागी शून्य घाला. काय उरतं?"

सरांनी खडू उचलला. तीन गुणिले शून्य, दोन गुणिले शून्य. दोन्ही पदं गेली. फळ्यावर एकटा आठ राहिला. सरांनी त्या आठाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग डस्टर फिरवला.

"निवडीची यादी हेडमास्तरांकडे गेली," ते म्हणाले. "मुलींना साधं गणित पुरतं."

आई म्हणाली, "जाऊ दे गं, लय नको तापू." मी जाऊ दिलं नाही, तापतच राहिले. पुढे करवंदांवरून भाजीवर आले, भाजीवरून हॉटेलांना माल पुरवण्यावर. कुणी टोपलीत चांगला माल वर मांडला की मी आधी टोपली उपडी करते. आजही पवनेच्या भिंतीवरून जाताना मला गाडीत नीट बसवत नाही.

सर, तुम्ही अजून लोणावळ्यातच आहात, मला ठाऊक आहे. मार्क नकोत, माफीही नको. आठ कुठे बसतो ते तुम्हाला दिसलं होतं. मग फळा का पुसलात? उत्तर द्या.