घरी धुतलेली फडकी

गल्लीत त्यांना सगळे शिसेकाका म्हणत. देशातल्या वजनमापांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या मुख्य कचेरीत ते कामाला होते. किलो म्हणजे नेमकं किती, हे सांगणारी ती कचेरी. मूळ वजन आतल्या खोलीत काचेखाली असे, आणि तिथे साहेबसुद्धा श्वास रोखून जात. काकांचं काम मात्र मागच्या शेडमध्ये. गावोगावच्या तपासनिसांची झिजलेली लोखंडी वजनं तिथे यायची. प्रत्येक वजनाच्या पोटात एक भोक असतं. त्यात वितळलेलं शिसं ओतायचं, जास्त झालं तर खरवडायचं, आणि काटा जुळला की त्या शिशावर खात्याचा शिक्का ठोकायचा. मग त्या वजनांवरून गावोगावच्या दुकानांतली वजनं तपासली जात.

शिक्का ठोकण्याआधी वजन पुसून घ्यावं लागे. त्यासाठी सुती फडकी होती. फडक्यात साबण राहिला तर तो वजनावर चढतो, म्हणून लाँड्रीतून आलेली फडकी साहेब परत पाठवत. काकांचं तेव्हा नवीन लग्न झालं होतं. एकदा ते फडक्यांची पिशवी घरीच घेऊन आले. काकूंनी शिशाचा कीस पडून जावा म्हणून ती मोरीत नीट झटकली. नुसत्या कढत पाण्यात हातांनी चोळली, दोरीवर वाळवली आणि कोपऱ्याला कोपरा लावून घड्या घातल्या.

साहेबांनी एक फडकं गालाला लावून पाहिलं. "वहिनींना सांगा, हे काम आता त्यांचंच."

ते त्यांचंच राहिलं. साहेब बदलले, भट्टी बदलली, पण पिशवी दर आठवड्याला घरी येत राहिली. काकू शेजारणींना ऐटीत सांगत, "देशाचा किलो माझ्या मोरीतून जातो, आहात कुठे!"

मूल मात्र झालं नाही. दिवस जायचे, पण गर्भ टिकायचा नाही. असं पुन्हा पुन्हा झालं. काकांची आई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, "हिच्या अंगातच धरून ठेवायची ताकद नाही." काकू त्याच पाहुण्यांपुढे चहाचे कप ठेवत असायच्या. काका पेपर वाचत असायचे. पुढे पुढे काकू स्वतःच म्हणू लागल्या, "खोट माझ्यातच, कुणाला काय बोलायचं?" आई गेली, तरी ते वाक्य घरात राहिलं.

मग काकूंच्या हातून कप पडायला लागले. "अहो, मनगट ऐकतच नाही हल्ली," त्या हसत म्हणाल्या. पोटात कळा यायच्या, त्या वयावर ढकलल्या. एके दिवशी भरलेलं पातेलं निसटलं आणि पाय भाजला, तेव्हा कुठे काका त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथे रक्त तपासलं. अहवाल आल्यावर डॉक्टरबाईंनी काकांना एकट्याला आत बोलावलं.

"घरात शिशाचं काम कोण करतं?"

"मी. पण कचेरीत. आणि माझं रक्त दरवर्षी तपासतात, खात्याचा नियमच आहे. हातमोजे असतात, तोंडाला पट्टी, वर धूर ओढणारा पंखा. माझं कधीच मर्यादेबाहेर गेलं नाही."

"तुमचं नाही विचारत मी. यांच्या रक्तात शिसं कुठून आलं? या काय करतात?"

"काही नाही. घरीच असते." मग काका थांबले. "फडकी धुते. आमच्या कचेरीची."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "मुलं किती?"

"राहिली नाहीत."

बाईंनी अहवाल पुन्हा वरपासून वाचला. "इतक्या वर्षांनी खात्रीने कुणीच काही सांगणार नाही. पण शिशाने असं होतं."

काकांना दुसरं काही सुचेना. ते म्हणाले, "आमच्याकडे प्रत्येक वजनाला थोडी सूट असते. इतकं कमी, इतकं जास्त चालतं. अंगात किती चालतं?"

"अजिबात नाही. तुमची ती मर्यादा कामगारांसाठी, काम चालू राहावं म्हणून. अंगाला शिसं लागतच नाही, काका."

कचेरीतले आताचे साहेब वयाने लहान होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, काकांना पाणीही दिलं. मग म्हणाले, "फार वाईट झालं. पण वहिनींनी फडकी धुवावीत असा लेखी आदेश नाही ना कुठे?"

"नाही. तोंडी होता."

"तेच म्हणतो मी. घरच्या माणसांची तपासणी आपल्या नियमात बसत नाही. यापुढे कागदाची फडकी मागवू. ती वापरून फेकता येतात."

त्या आठवड्यात पिशवी घरी आली नाही. काकूंनी दोन दिवस वाट पाहिली.

"अहो, विसरलात का?"

"कागदाची येणार आहेत आता."

"का? काय कमी पडलं माझ्या धुण्यात?"

"काही नाही गं. नवीन पद्धत आहे."

दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीत काकांना एक फडकं दिसलं. दोरीवर मागच्या खेपेची, काकांनी परत न नेलेली फडकी होती, त्यातलंच एक काकूंनी पुन्हा धुतलं होतं. लुळ्या हाताने चोळलेलं, घडीचे कोपरे जुळले नव्हते.

"साहेबांना दाखवा," काकू म्हणाल्या. "हात असा झालाय, पण काम बघा म्हणावं."

काका चप्पल घालून उभे होते. गप्प राहिलं तर ही आणखी एक खोट स्वतःच्या माथी घेणार, हे त्यांना कळत होतं. त्यांनी चप्पल काढली, खाली बसले आणि डॉक्टरबाई जे बोलल्या ते सगळं सांगितलं.

काकू भिंतीला टेकून ऐकत होत्या. "म्हणजे त्या वेळीसुद्धा हेच?"

"खात्रीने सांगता येत नाही म्हणाल्या."

"त्या जाऊ देत. तुम्ही काय म्हणता?"

"माझ्या पिशवीनेच गेली सगळी," काका म्हणाले. "तुझ्यात काही नव्हतं. मला माहीत नव्हतं गं. शप्पथ माहीत नव्हतं."

"नसेल माहीत." काकूंचा आवाज चढला नाही. "पण तुमच्या आई सगळ्यांदेखत बोलायच्या, तेव्हा तुम्ही पेपर वाचत बसायचात. तेव्हा तर शिशाचं काही ठाऊक नव्हतं ना? तरी बसायचात."

काकू उठल्या. चांगल्या हाताने त्या दोरीवरची फडकी एकेक करून ओढून छातीशी धरू लागल्या. काका घाईने पुढे झाले. "अगं, हात नको लावूस त्यांना!"

काकूंनी वळून पाहिलं.

"आता सांगताय?"

आणि उरलेली फडकी ओढायला त्या परत दोरीकडे वळल्या.