गिरणीत माझ्या मागचा नंबर

मंडळी, सकाळपासून हे सांगायचं होतं.

आमच्या गावात काविळीची साथ हाय. आमच्या ह्यांनाही झालती, आता बरे हायेत.

आज ज्वारी दळायला गेले, तर माझ्या मागच्या बायांनी डबे मागं ओढले. गिरणीत आधीच्याचं थोडं पीठ पुढच्याच्या डब्यात येतंच, तेच नको होतं त्यांना.

तेवढ्यात फळांचा गाडा लावणाऱ्या रुखसानाभाभींनी डबा पुढं केला. "माझी ज्वारी हिच्या मागंच टाका. हिचं पीठ आलं तर आलं. पाणी उकळून प्या, पिठाला कशाला भिता?"

मग आणखी एक डबा पुढं सरकला. सगळे न्हाई.

तुमच्याकडं साथीत असं कुणी भेटलं का? आज भाभींच्या भाकरीत आमच्या घरचं चिमूटभर पीठ हाय.