शनिवारची बैठक आणि एक शपथ

चि. अविनाश आणि चि. सुमेधा,

अविनाश, तू फोनवर म्हणालास की दारू सोडण्यासाठी तू एका मंडळात जाऊ लागला आहेस, आणि आपल्या घरात असे कधी कोणाला झाले नाही म्हणून तुला लाज वाटते. झाले होते. तुझ्या आजोबांना झाले होते. म्हणून आता लिहिते. सुमेधा, भावासाठी तूही वाच.

अमरावतीच्या डॉक्टरांनी ह्यांच्या पोटावर बोटे आपटून पाहिली आणि म्हणाले, "वकीलसाहेब, सिरोसिस आहे." सिरोसिस म्हणजे यकृत आतून कडक होत जाणे. पोटात पाणी साठले होते, त्याला असायटिस म्हणतात. "झालेले नुकसान भरून येत नाही. आज थांबलात तर उरलेल्यावर काही वर्षे निघतील."

हे हसून म्हणाले, "आणि नाही थांबलो तर?"

डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिले.

तेव्हा वऱ्हाड मध्य प्रांतात होते. सासूबाई अकोल्याला असत. त्यांच्या नजरेखाली राहावे म्हणून ह्यांनी अमरावतीची वकिली सोडली आणि आम्ही तिकडे गेलो. ह्यांनी दारू एकदम तोडली. दोन-तीन दिवसांत हात थरथरू लागले, भिंतीवर कपाशीच्या अळ्या चढताना दिसू लागल्या. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. शरीराला दारूची सवय झालेली असते, ती अचानक काढली की असा भ्रम होतो. यात माणूस दगावू शकतो. म्हणून सोडताना डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

इस्पितळात टॅपिंग केले, म्हणजे पोटात सुई घालून पाणी काढले. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून असे. घरी आल्यावर महिनाभरात पुन्हा दारू, पुन्हा पाणी. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, "बाई, पोटातलं पाणी मी काढीन. पिणं मला काढता येत नाही. नदीपलीकडे माळ्याच्या वाडीत शनिवारी काही माणसं बसतात. सोडलेली आणि सोडू पाहणारी. तिथं न्या."

आम्ही गेलो. झेंडूच्या वाफ्यांपलीकडे, चिंचेखाली गोणपाटावर सात-आठ पुरुष बसले होते. मी विहिरीजवळ माळिणीपाशी बसले. ती हार ओवत होती. सगळे ऐकू येत होते.

हे कोटाची बटणे लावून ताठ बसले. अकोटकडचे एक पाटील होते, जाडजूड आणि मोठ्या आवाजाचे. म्हणाले, "वकीलसाहेब, इथं उलटतपासणी नाही. कोनाच्या डोक्याची शपथ घेतली, तेवढं सांगा."

हे कोटाचे वरचे बटण चाचपू लागले.

"आमी सगळ्यायनं घेतली. म्या बैलाच्या डोक्यावर हात ठेवला होता. आठ दिवसानं प्यालो. बैल पोट फुगून मेला. म्या म्हनलं, म्याच मारला त्याले. मंग डबल पिऊन राहिलो."

"बायको सोडून बैल कावून धरला, पाटील?" कोणीतरी विचारले.

"बायको हात ठेवू देत नव्हती ना बाप्पा!"

सगळे हसले. हे हसले नाहीत. म्हणाले, "मुलीच्या."

तुमच्या आईला डाव्या कानाने ऐकू येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. ती लहान असताना सासूबाईंनी ह्यांचा हात तिच्या डोक्यावर ठेवून दारू न पिण्याची शपथ घातली होती. ती मोडली त्याच पावसाळ्यात पोरीला टायफॉइड झाला. ताप उतरला, कान गेला. तो दारूने गेला नाही, तापाने गेला, हे त्यांना कळत होते. इंग्रजी पुस्तके वाचलेला माणूस. पण ती उजवा कान पुढे करून "बाबा?" म्हणाली की हे उठून बाहेर जात.

पाटील म्हणाले, "ज्यानं घातली, त्याच्या तोंडून 'सुटली' म्हनून घ्या. तोवर सुटका नाही. मंग दारूचं पाहू."

शपथ घालणाऱ्याने 'सुटली' म्हटले की ती उतरते, हे आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. पण सासूबाई ऐकेनात. "सुटली म्हनू? मंग त्याले धरून काय ठेवीन? तेवढीच तर दोरी हाय माह्या हाती." हे पीत राहिले. दुसऱ्यांदा टॅपिंग झाले. अंगावर पिवळेपणा आला, म्हणजे जॉन्डिस, कावीळ.

एका शनिवारी सासूबाई स्वतः निघाल्या. "पाहू दे, काय शिकवून राहिले माह्या पोराले." विहिरीजवळ माझ्याशेजारी बसल्या. त्या दिवशी हे बोलले, आई आली आहे हे ठाऊक नसताना. म्हणाले, "पोरीकडे पाहिलं की मला तहान लागते."

परत येताना सासूबाई माझ्या पुढे चालत होत्या. घरी हे पाय धुवत होते. त्या मोरीच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सुटली." मग देवघरात जाऊन बसल्या. हे तांब्या हातात धरून तसेच वाकून राहिले, पाणी सांडून गेले तरी.

लगेच सारे नीट झाले असे नाही. त्यानंतरही दोनदा प्याले. दोन्ही वेळा शनिवारी जाऊन सांगितले, कोणी रागावले नाही. मग थांबले. यकृत मात्र परतले नाही. काही वर्षांनी हे गेले, तेव्हा तोंडाला वास नव्हता आणि तुमची आई उशाशी, उजवा कान त्यांच्याकडे करून बसली होती. मला आणखी वर्षे हवी होती. मिळाली नाहीत.

अविनाश, डॉक्टरांचे ऐक. मंडळात जात राहा. चुकलास तर त्याच आठवड्यात सांग. आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवून कोणाला काही कबूल करू नकोस.

पाटील गेले, माळीण गेली. वाडीच्या जागी आता घरे आहेत. तिथल्या मारुतीच्या ओट्यावर शनिवारी सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसे अजून बसतात.

तुमची,
आजी