रिमोटचं जाकीट

पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्हमन म्हणून आख्खी नोकरी काढलेल्या काकांना गल्लीत सगळे 'बघतोकाका' म्हणत. कुणाचंही काहीही बिघडलं की काका हातातलं काम खाली ठेवून म्हणत, "बघतो." मिक्सर असो, कुलूप असो, इस्त्री असो. एकदा समोरच्या घरातल्या नवराबायकोचा अबोलासुद्धा त्यांनी बघायला घेतला होता. आणि ते खरंच बघत. बराच वेळ बघत. वस्तू कधी सुधारून परत जाई, कधी तशीच परत जाई, पण स्क्रू मात्र पहिल्यापेक्षा घट्ट पिळलेले असत. एखाददुसरा उरतही असे. उरलेले स्क्रू काकांनी एका बरणीत जपून ठेवले होते. वाया काही जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा स्वभाव.

सगळ्या जगाचा कारभार काकांनी पाइपातून समजून घेतला होता. इकडून सोडलं की तिकडं आलं पाहिजे. आलं नाही तर मधे कुठंतरी अडलंय. पाणी, वीज, टपाल, सरकारी काम, सगळ्याला हाच नियम. खात्यात नवी पोरं भरती झाली की काका त्यांना पहिल्याच दिवशी सांगत, "पाणी येत नाही म्हणून तक्रार आली, की आधी व्हॉल्व्ह उघडा आहे का बघायचं. रस्ता नंतर खणायचा." हे सांगताना ते अशी मान डोलवत, की पोरांना वाटे, याच्यापुढं शिकण्यासारखं काही उरलंच नाही.

त्यांच्या या बघण्याला घरात मात्र एक हद्द होती, आणि ती काकूंनी आखून दिली होती.

त्याचं असं झालं होतं. काही वर्षांपूर्वी काकू टीव्हीवर त्यांची मालिका बघत बसल्या होत्या. मालिकेतल्या सासूबाई तिजोरीच्या किल्ल्या थोरल्या सुनेला देणार की धाकटीला, हे त्या दिवशी ठरायचं होतं. सासूबाईंनी कमरेला हात घातला आणि काका म्हणाले, "रंग जरा फिका वाटतोय, बघतो." त्यांनी रिमोटवरचं एक बटण दाबलं. टीव्ही निळा झाला. नुसता निळा, सासू नाही, सुना नाहीत, किल्ल्या नाहीत. काकांनी मग उरलेली सगळी बटणं एकेक करून दाबली. निळा काही हटला नाही. शेवटी दुकानाचा माणूस आला, त्यानं एक बटण दाबलं, चित्र आलं, आणि तो चहा न घेताच निघून गेला. तोवर किल्ल्या धाकटीकडे जाऊन आठवडा झाला होता.

काकू काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काकांना पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं. काकू शिवणयंत्रावर बसल्या. उशीच्या अभ्र्यातून उरलेलं फुलाफुलांचं जाड कापड काढलं, आत कापूस घातला आणि रिमोटला एक जाकीट शिवलं. चालू-बंद, आवाज कमी-जास्त, चॅनेल पुढं-मागं, एवढ्याच बटणांपुरती त्याला काजं केली. खाली सेल बदलायला टिचबटणाची झडप. बाकी सगळं शिवून बंद.

"आता बघा," काकू म्हणाल्या.

तेव्हापासून घरात रिमोट म्हणजे ते फुलाफुलांचं जाकीट. मळलं तरी काकू ते न काढता ओल्या फडक्यानं वरूनच पुसून घ्यायच्या. हळूहळू दोघंही विसरून गेली, की आत आणखी काही आहे.

तर त्यांच्या मुलीची गोष्ट. ही मुलगी दूरच्या गावी विद्यापीठात मुंग्यांवर संशोधन करत होती. लहानपणी ती ओट्यावरच्या मुंग्यांना पावडर टाकू देत नसे आणि साखरेच्या डब्याभोवती तासन्‌तास बसून राही. "हिचं कसं होणार," म्हणून काकू तेव्हा कपाळाला हात लावत. ते असं झालं, की आता ती डॉक्टर होणार होती. शेवटची तोंडी परीक्षा होती. मोठमोठे परीक्षक समोर बसून प्रश्न विचारणार, हिनं उभं राहून उत्तरं द्यायची. घरच्यांना ते लॅपटॉपवर घरबसल्या बघता येणार होतं. मागच्या वेळी आली तेव्हा ती आपला जुना लॅपटॉप त्यासाठीच ठेवून गेली होती.

पण काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. ऑपरेशनला अजून अवकाश होता. सुईत दोरा त्या बोटांच्या अंदाजानं ओवायच्या आणि माणसं चालण्यावरून ओळखायच्या. लॅपटॉपवर मुलीनं एकदा तोंड दाखवलं, तर काकू म्हणाल्या, "हो हो, दिसतेस ना, छान दिसतेस." त्या वेळी त्या पडद्याच्या भलत्याच कोपऱ्याकडे बघत होत्या. काकांनी ते पाहिलं होतं.

टीव्ही मात्र मोठा होता. अगदी जवळ खुर्ची ओढून बसलं, की काकूंना त्यावरचं माणूस बऱ्यापैकी दिसे. म्हणून परीक्षेच्या दिवशी दुपारी काका म्हणाले, "लॅपटॉप टीव्हीला जोडतो. बघतो."

काकूंच्या चेहऱ्यावरून एक निळी सावली सरकून गेली. पण त्या एवढंच म्हणाल्या, "बघा."

वायर वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्यांनी आणून दिली. बँकेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ कुठल्याही यंत्रासमोर आले की हात मागं बांधून उभे राहत आणि म्हणत, "एकदा बंद करून चालू करा." बँकेत त्यांचं सगळं त्यावरच निभावलं होतं. काकांनी टीव्ही भिंतीपासून पुढं ओढला, मागं डोकं घातलं, वायरचं एक टोक टीव्हीत खुपसलं, दुसरं लॅपटॉपमध्ये. दोन्ही टोकं खट्‌कन बसली.

"झालं," काका म्हणाले. "इकडून सोडलंय. तिकडं येईलच."

टीव्हीवर एक बाई भांडी घासायच्या साबणाबद्दल फार आनंदानं बोलत होत्या. त्या बोलतच राहिल्या.

"एकदा बंद करून चालू करा," बँकवाले म्हणाले.

बंद करून चालू केलं. बाई पुन्हा आल्या. वायर उलटी करून लावली. बाई होत्याच. काकांनी वायर हातभर लांब धरून तिच्यात कुठं पीळ पडलाय का ते बोटांनी चाचपून पाहिलं, जसं पूर्वी नळीत खडा अडकलाय का ते बघत.

"भाऊजी, आत काही गळत असेल का हो?" काकूंनी बँकवाल्यांना विचारलं. त्यांची थट्टा नेहमी अशी सरळ तोंडानं चाले.

"वहिनी, आमच्या वायरवर संशय नको. कोरी आहे. मुलानं आणलीय, आजपर्यंत कुणाला लावू दिली नाही."

एवढ्यात मुलीचाच फोन आला. काकांनी तो स्पीकरवर टाकला.

"बाबा, जमलं का?"

"जमतंय. तू तुझं सांग. घाबरली नाहीस ना?"

"छे. मी कशाला घाबरू?"

"कान सोड," काकू लांबूनच म्हणाल्या.

मुलगी लहानपणापासून घाबरली की कानाची पाळी ओढत बसायची. दहावीच्या निकालापर्यंत एक कान दुसऱ्यापेक्षा लांब होणार, अशी काकांना भीती होती.

"सोडला," मुलगी म्हणाली. "बाबा, ऐका. वायर लावलीत ना? आता टीव्हीच्या रिमोटवर इनपुट असं लिहिलेलं बटण असेल. ते दाबा."

काकांनी रिमोट उलटापालटा करून पाहिला. सगळी फुलं पाहिली. "आपल्या रिमोटला नाहीये ते."

"असं कसं? सगळ्या रिमोटना असतं."

"अगं, मी हातात धरून बोलतोय. चालू-बंद, आवाज आणि चॅनेल. आपलं साधं मॉडेल आहे."

बँकवाल्यांनीही वाकून पाहिलं आणि साक्ष दिली. "नाही हो, खरंच नाही."

"बरं, मग टीव्हीवरच कुठं बटण आहे का बघा. आणि चित्र आलं, पण त्यात नुसता लॅपटॉपवरचा डोंगर दिसला, तर लॅपटॉपवर खिडकीची खूण असलेलं बटण धरून ठेवायचं आणि पी दाबायचं. मग डुप्लिकेट निवडायचं. आता मला आत बोलावतायत. ठेवते हं. आई, बघशील ना?"

"बघते तर. तू जा."

टीव्हीच्या अंगावर एकच बटण सापडलं. ते दाबल्यावर टीव्ही बंद झाला, पुन्हा दाबल्यावर चालू झाला. बँकवाल्यांना बरं वाटलं.

मग लॅपटॉपच्या छोट्याशा पडद्यावर एक खोली दिसू लागली. लांबट टेबल, तीन परीक्षक, आणि भिंतीजवळ उभी असलेली बोटाच्या पेराएवढी मुलगी. तिचा आवाज आला. काकूंनी खुर्ची लॅपटॉपपुढं ओढली, मान पुढं केली, मग थोडी मागं घेतली, मग डोळे मिटून घेतले.

"ऐकू येतंय की," त्या म्हणाल्या. "छान खणखणीत येतंय. तुम्ही बसा आता. पुष्कळ झालं."

काका बसले. पण हे 'पुष्कळ झालं' त्यांना नळातून कोरडी हवा फुसफुसावी तसं ऐकू आलं. नोकरीत किती बायांनी दारात रिकामी बादली घेऊन त्यांना असंच म्हटलं होतं, राहू द्या हो, आणू आम्ही लांबून. आणि त्या प्रत्येक वेळी काका परत गेले होते आणि पाणी आणूनच आले होते.

त्यांना एक जुनी तक्रार आठवली. एका गल्लीत पाणी येईना. तीन ठिकाणी रस्ता खणला. पाइप धड, जोड धड. अखेर कळलं, की व्हॉल्व्ह बंदच होता. कुणालाच सापडला नव्हता, कारण नवा रस्ता करताना त्याच्यावर डांबर घातलं होतं. तिथं व्हॉल्व्ह आहे हे गल्लीच काय, खातंही विसरलं होतं.

काकांची नजर हातातल्या रिमोटवर गेली. फुलाफुलांचं जाड कापड. आत कापूस.

"अगं," ते दबकत म्हणाले.

"काय?"

"एक विचारू? रागावू नकोस."

"रागवायला डोळे लागतात. विचारा."

"या जाकिटाच्या आत... आणखी बटणं होती ना?"

काकूंनी डोळे उघडले. त्या काकांकडे बघत राहिल्या, म्हणजे काका जिथं असावेत त्या बाजूला. बँकवाले उगाचच छताकडे बघू लागले.

"कात्री आणा," काकू म्हणाल्या.

कात्री आली. काकूंनी जाकीट मांडीवर घेतलं. वरच्या कडेपासून बोट खाली आणलं, कापसावरून दाबत दाबत, भाकरी भाजली का बघावं तसं. "चालू-बंदच्या शेजारचं. त्या दिवशी तुम्ही तेच दाबलं होतं. मी बघत होते ना." टीपा कापल्या, कापूस थोडा बाहेर आला आणि फुलाच्या बरोबर मधोमध एक करडं बटण जगाला दिसलं. त्याच्यावर इनपुट असं लिहिलेलं होतं. इतकी वर्षं त्याच्याकडे कुणी बघितलं नव्हतं, त्यामुळं अक्षरं अगदी नवीकोरी होती.

"दाबा," काकूंनी रिमोट पुढं केला.

काकांचा हात पुढं जाईना. "तू दाब."

काकूंनी दाबलं. टीव्ही निळा झाला.

लॅपटॉपमधून मुलगी सांगत होती, की मुंगी वाट चुकली तर आली त्या वाटेनं थोडी मागं जाते आणि पुन्हा शोधते.

"आणखी एकदा," काका म्हणाले.

आणखी एकदा दाबलं. टीव्हीवर डोंगर आला. निळसर, धुक्यातला, मोठाच्या मोठा डोंगर.

"सुरेख आहे," काकू म्हणाल्या. "पण आपली पोरगी कुठाय?"

"खिडकी आणि पी!" बँकवाले एकदम ओरडले. यंत्रासमोर आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी बंद करून चालू करा याखेरीज दुसरा उपाय सांगितला होता, आणि त्यांनाही त्याचं नवल वाटलेलं दिसलं. काकांनी लॅपटॉपवरची दोन्ही बटणं दाबली, डुप्लिकेट निवडलं. डोंगर एकदा लवला, काळा झाला, आणि त्या काळ्यातून खोली आली. टेबल आलं, परीक्षक आले आणि भिंतीजवळ मुलगी आली, चांगली हातभर उंच.

काकूंनी खुर्ची उचलूनच टीव्हीपुढं नेली. इतकी जवळ, की नाक काचेला लागतंय असं वाटावं.

"मागच्यांना दिसत नाही हो," काका म्हणाले.

"मागच्यांचे डोळे चांगले आहेत."

टेबलाच्या टोकाला बसलेल्या परीक्षकानं एक लांबलचक प्रश्न विचारला. त्यातलं घरात कुणालाही काही कळलं नाही. मुलगी थांबली. तिचा हात हळूच वर गेला.

"कान," काकू पुटपुटल्या. "अहो, बघा, कान ओढतेय. डावा. डावाच ओढायची ती."

काका टीव्हीकडे बघतच नव्हते. ते काकूंकडे बघत होते.

"सोड गं," काकू काचेला म्हणाल्या.

तिकडं काही ते पोचणार नव्हतं. या पाइपातून एकाच बाजूनं येत होतं. पण मुलीनं हात खाली घेतला आणि ती बोलू लागली. सावकाश, मग भरभर, मग दोन्ही हात हलवत, लहानपणी साखरेच्या डब्यापाशी बसून सांगायची तशी. शेवटी परीक्षकांपैकी एक बाई हसल्या आणि उठून तिच्याशी हात मिळवायला गेल्या. काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि वर म्हणाल्या, "मोतीबिंदूचं पाणी येतं हो."

संध्याकाळी बँकवाले आपली वायर घडी घालून घेऊन गेले. ती दिल्याचं आता सगळ्या इमारतीला कळणार होतं. काकांनी टीव्ही भिंतीला लावला. या खेपेला एकही स्क्रू उरला नव्हता, कारण एकही काढलेला नव्हता.

आतून शिवणयंत्राचा आवाज येत होता. थोड्या वेळानं काकू बाहेर आल्या आणि काकांच्या हातात रिमोट ठेवला. जाकीट पुन्हा शिवलेलं, कापूस आत, आणि फुलाच्या मधोमध लाल दोऱ्यानं केलेलं एक नवं काज.

"एवढं एक उघडं ठेवलंय," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांना हात लावायचा नाही."

काकांनी काजातून दिसणाऱ्या बटणावर हलकेच अंगठा फिरवला.

"बघतो," ते म्हणाले.