मामांचा 'हबेस'

आधीच सांगतो, आमचं घर बौद्ध. अंगारे-धुपारे वडिलांनीच बंद केले होते. कुणी दाराला लिंबू-मिरची बांधली की पहिली टिंगल माझीच. म्हणून हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय...

भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मी क्रेन चालवतो. खालून इशारा द्यायला रत्नागिरीचे दत्तूमामा असायचे. वजन उचलायचं तर 'हबेस', खाली सोडायचं तर 'आर्या'. क्रेनखाली वजन बांधणारे खलाशी सगळे हेच बोलतात, पण मामांचा हबेस नाकातून यायचा आणि अख्खी शेड दणाणून सोडायचा. मागच्या वर्षी हार्ट अटॅकने गेले बिचारे.

इकडे माझ्या कमरेने जीव नकोसा केला होता. गोळ्या, पट्टा, मालिश — सगळं करून झालं. शेवटी डॉक्टर म्हणाले, सुईने कमरेतली एक बारीक नस जाळू, म्हणजे दुखणं मेंदूपर्यंत पोचणारच नाही. टाका नाही, संध्याकाळी घरी. नस म्हटल्यावर बायको हादरली. पाय लुळा पडला तर क्रेनची शिडी कोण चढणार? मलाही तीच धास्ती.

चिंचवडच्या दवाखान्यात पालथं झोपवलं. हलक्या गुंगीचं इंजेक्शन दिलं, पण मी जागाच होतो. डॉक्टर पडद्यावर बघत सुई आत सरकवत होते. मी उशीत तोंड खुपसून, दात आवळून पडलेलो... आणि डोक्यामागून आवाज आला — "हबेस!"

नाकातला. मामांचाच, राव.

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी बारीक करंट देऊन बघितलं, तर माझा पाय उडाला. सुई पायाच्या नसेजवळ गेली होती. त्यांनी ती मागे घेतली, जागा बदलली, पुन्हा तपासलं आणि मगच नस जाळली. मी मनात म्हटलं, इंजेक्शनची गुंगी असेल.

कामावर परत गेलो, शिडी चढलो. कंबर दुखेना, पाय ठणठणीत. खरं सांगतो, वर केबिनमध्ये बसून पोटभर रडलो. इतकं हलकं वाटलं.

नंतर तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी सहज विचारलं, "ते हबेस म्हणजे काय हो? तुम्ही ओरडलात म्हणून मी थांबलो."

मी? माझं तोंड तर उशीत होतं...

कसं झालं, अजून कळत नाही. कळून घ्यायचंही नाही. मामांना मी रोज म्हणायचो, "मामा, एवढं ओरडू नका, येतं मला ऐकू." बरं झालं, त्यांनी माझं कधी ऐकलं नाही.