जंतूची वानगी

मी दळण आणायला गेलतो. गिरणीच्या आवाजात शेजारची मालूताई दारातनं काय ओरडत होती ते ऐकू आलं नाही. ती आत आली, माझ्या हातातला डबा काढून घेतला आणि म्हणाली, "आबा, घरला चला. हौसाकाकी पडल्यात." घरी पोचलो तर सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. परातीत पीठ मळलेलं तसंच होतं...

याला आता महिना होऊन गेला. मी चौथी शिकलेला माणूस, सगळा जन्म गुळाच्या बाजारात हमाली करण्यात गेला. लिहिणं हे आपलं काम नव्हे. पण पेपरच्या पुरवणीत वारलेल्या माणसांवर लिहून येतं ते मी वाचतो. त्यातली सगळी माणसं देवासारखी असतात. माझी बायको हौसा तशी नव्हती. ती खोटं बोलायची, आणि एकदा खरं बोलली. त्या दोन्हीबद्दल लिहायचं म्हणून बसलो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आमची एकुलती लेक सुनी तेव्हा कॉलेजात होती. हौसाला खोकला लागला, तो जाईना. अंगात कणकण, जेवण तुटलं, पदराला रक्ताचा डाग दिसला. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली आणि टीबी निघाला. दवाखान्यातनं बाहेर पडल्यावर तिचं पहिलं वाक्य हे, "कुणाला बोलायचं न्हाय. दमा हाय म्हनायचं. सुनीचं लगीन व्हायचंय." रडणं नाही, काही नाही. सहा महिने गोळ्या खाल्ल्या. त्या गोळ्यांनी लघवी लाल व्हायला लागली तशी घाबरली, पण गोळ्या सोडल्या नाहीत. बरी झाली. दमा मात्र तसाच राहिला, कारण गल्लीत तो सांगून झाला होता.

पुढं सुनीचं लग्न झालं. पोरगं आजऱ्याचं, पुण्यात नोकरीला. विहीणबाई काजूच्या कारखान्यात काम केलेली, बोलायला माझ्यापेक्षा फटकळ, पण मायाळू. तिच्या कानावर हौसाचा दमा गेला. आमच्याकडं कोजागिरीला दम्याचं औषध खिरीतनं देतात. ती खायची आणि रात्रभर जागायचं. विहीणबाई दरवर्षी कोजागिरीला एसटीनं यायच्या, हौसाला धरून न्यायच्या, खीर चारायच्या आणि झोपू द्यायच्या नाहीत. हौसा दुसऱ्या दिवशी तांबारलेल्या डोळ्यांनी घरी यायची आणि मला म्हणायची, "नसलेल्या दम्यापायी मरायची पाळी आलीया माझी."

सुनी पुण्यातच एका प्रयोगशाळेत लागली. तिला मुलगी झाली, ती जरा मोठी झाल्यावर सगळी आमच्याकडं दिवाळीला जमली. नात हौसाच्या मांडीवर होती. चहा चालला होता. विहीणबाईंनी विषय काढला, "ह्या तुमच्या लेकीला इचारा की आबा, दिवसभर करती काय तिथं? मी इचारलं तर म्हनती, चरबी बघते. पगार देऊन चरबी बघाय लावत्यात व्हय कुणी?"

सुनी हसली आणि समजावून सांगायला लागली. टीबीचा जंतू मेणचट असतो, त्याच्या अंगावर चरबीचा जाड थर असतो. आपल्या अंगातल्या काही पेशी तो जंतू गिळतात. त्या पेशीत एक प्रथिन असतं. ते जंतूच्या चरबीचा एक तुकडा उचलतं, पेशीच्या अंगावर घेऊन येतं आणि बाहेर दाखवत राहतं. टी पेशी म्हणून दुसऱ्या पेशी हिंडत असतात, त्या येऊन तो तुकडा तपासतात. आधी लोकांना वाटायचं, जंतूच्या प्रथिनाचेच तुकडे असे दाखवले जातात. चरबीचेही दाखवले जातात, हे अलीकडं कळलं.

मी म्हटलं, "म्हंजे वानगी की गं!"

बाजारात खरेदीदार गुळाची सगळी थप्पी उचकत बसत नाही. अडत्याचा माणूस रव्याला, म्हणजे ढेपेला, सुरी लावतो, एक तुकडा काढतो आणि तळहातावर धरतो. ती वानगी, त्यावरनं माल कळतो. सुनीला ते पटलं. म्हणाली, "तसंच आबा. फकस्त खरेदीदार चांगला माल बघतो, टी पेशी चोर बघती. वळखला की बाकीच्यांस्नी हाका मारती."

"पर चरबी निसटती. धरायची कशी?"

"त्या प्रथिनाला खोल खोबण असती. चरबीला लांब शेपट्या असत्यात, त्या खोबणीत आत दडवायच्या आन् डोकं तेवढं वर ठेवायचं. टी पेशी डोकं बघती."

विहीणबाई म्हणाल्या, "बाई गं, एवढं सगळं पोटात चालतंय, आन् आपन हिथं चकल्या खातोय." सगळे हसले.

मग सुनी म्हणाली की काम अडलंय. टीबी होऊन बरी झालेली माणसं रक्त द्यायला पाहिजेत. त्यांच्या टी पेशींना ती चरबी अजून ओळखू येते का, हे बघायचंय. "पर मानसं कबूलच हुईत न्हाईत. टीबी झालता म्हनायला कोन तयार न्हाय." हे तिनं आईकडं न बघता सांगितलं. तिला आईचा आजार ठाऊक होता, आणि आईही.

हौसा म्हणाली, "माझं घे की."

मला वाटलं, विहिणीपुढं हिच्या तोंडातनं चुकून गेलं. मी डोळ्यानं खुणावलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

"तुमचं कशाला?" विहीणबाई म्हणाल्या. "तुमास्नी दमा न्हवं?"

"दमा न्हवताच. टीबी हुता. सुनीच्या लग्नासाठी लपिवला."

"आन् मी वरसावरसाला तुमास्नी खीर चारली ती?"

"खीर ग्वाड हुती की."

कुणी हसलं नाही. विहीणबाई उठल्या, हौसाच्या मांडीवरनं नात उचलली आणि आत गेल्या. सुनीनं मागं जाऊन सांगितलं, औषध पुरं केलेलं माणूस रोग पसरवत नाही, आई कधीच बरी झाली. ऐकणार कोण? दुसऱ्या दिवशी त्या नातीला घेऊन पहिल्या गाडीनं आजऱ्याला गेल्या; सुनी-जावई नोकरीला, नात त्यांच्याचकडं वाढत होती. मी हौसाला म्हटलं, एवढी वर्षं दडवलंस, आता सांगून काय मिळवलंस? नात तुटली. तर म्हणाली, "लगीन झालं, पोरगी नांदती. आता कुनासाठी दडवायचं? माझंच अंग मला चोरून वागवायचा वैताग आला."

सुनीच्या साहेबांनी रीतसर परवानगी घेऊन रक्त काढलं. पुढं बऱ्याच दिवसांनी फोन आला. शेजारच्या घरात फोन होता, हौसा धावत गेली. सुनी म्हणाली, "आई, वळखलं गं तुझ्या पेशींनी. त्या प्रथिनानं चरबी दाखवल्यावर लगेच जाग्या झाल्या." हौसा घरी येऊन म्हणाली, "मी इसरायला बघत हुते, रगात इसरलंच न्हाय." दिवसभर खुशीत होती. पण नात वर्षभर दिसली नव्हती, ते ती कुणाला बोलली नाही. नातीच्या मापाची स्वेटरं मात्र विणत राहिली. माप अंदाजानं.

पुढच्या कोजागिरीला विहीणबाई दारात उभ्या राहिल्या. एका कडेवर नात, हातात डबा. आत आल्या, नात हौसाच्या मांडीवर टाकली आणि म्हणाल्या, "खीर आनलीया. नुसतीच हाय, औषध न्हाय त्यात." हौसानं डबा उघडून आधी नातीला चाटवली. एक स्वेटर नातीला बरोबर बसलं, बाकीची लहान झाली होती.

आता माणसं भेटायला येतात. कशानं गेली विचारतात. मी हृदयाचं सांगतो, आणि पुढं न विचारता सांगतो, हिला टीबी झालता, बरी झालती. शेजारी बसलेले नातेवाईक कोपर मारतात, पण मी थांबत नाही. ते तिनं सुरू केलेलं आहे, ते चालू ठेवायचं एवढंच माझ्या हातात आहे. परवा गडमुडशिंगीची एक लांबची पावणी दुसऱ्यांदा आली, एकटीच. दारातच घुटमळली. मग म्हणाली, सून खोकतीया, घरात सगळी दमा म्हणतात. सरकारी दवाखान्यात कुठल्या खिडकीवर जायचं, ते विचारायला आलती. मी चपला घातल्या, म्हटलं चला, दाखवतो.

वाटेत तिनं विचारलं, "तुमची मालकीन खरंच बरी झालती का ओ?"

म्हटलं, "त्याच्यानंतर एवढी वर्सं माझ्यासंगं भांडली की. आजारी बाईला जमतंय व्हय ते?"