कळपाचा आकडा

शैलाबाई चौथीपर्यंत गणित शिकवायच्या, पण शेवटची काही वर्षं ‘तुमच्या घरी किती जण?’ हा प्रश्न त्यांनी कोणत्याही मुलाला विचारला नाही. हर्सूलला त्या आमच्या शेजारी राहत. रोज सकाळी एसटीने देवगाव रंगारीपलीकडच्या वस्तीशाळेत जात. गेल्या वर्षी त्या वारल्या. या सवयीमागची हकिकत त्यांनीच मला सांगितली होती.

पूर्वी त्यांचं मत नेमकं उलट होतं. “घरचं उदाहरण घ्यावं, पोरं लवकर धरतात,” असं त्या म्हणत. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरात शाळा पाहिलेलं कुणी नव्हतं. त्यांतली एक पूजा, मेंढपाळ भागाजीची मुलगी. दिवाळीनंतर कळप चाऱ्यामागे निघाला की पूजाही जाई, आणि परत येईपर्यंत अक्षरं विसरलेली असत. ती दुसरीत असताना बाईंनी मेंढ्यांच्या तळावर खेपा घालून बापाला राजी केलं. पूजा आजीपाशी गावात राहू लागली. आजीला ते पटलं नव्हतं. रानात पोरगी निदान कोकरं तरी सांभाळते, असं तिचं म्हणणं. बाई तिला म्हणाल्या, “मावशी, माझ्या भरवशावर ठेवा. पोरगी वाया जाऊ देणार नाय.”

तिसरीत पूजा वाचू लागली, पण गणिताच्या तासाला गप्प बसे. पावसाळ्यात कळप गावी आला होता. बाईंनी चिंचोक्यांचा ढीग तिच्यापुढे ठेवला आणि बापाच्या प्रत्येक मेंढीसाठी एकेक मांडायला सांगितलं. तिने मान हलवून नकार दिला. बाईंना वाटलं, लाजते. त्यांनी पाठीवर हात ठेवला. मग तिने भराभर रांगा मांडल्या, कोकरांची वेगळी. सगळा वर्ग मोठ्याने मोजत गेला, शेवटचा आकडा पूजाने सांगितला. टाळ्या झाल्या. तो आकडा मुलांबरोबर घरोघर पोचला.

पुढच्याच पंधरवड्यात कळपात रोग शिरला आणि कोकरं मरू लागली. भागाजी शाळेत आला. बाईंनी खुर्ची दिली, तो व्हरांड्यात उकिडवा बसला.

“बाई, तुमच्यावर राग नाय,” तो म्हणाला. “पर आमच्यात कळपाचा आकडा तोंडातून काढत नस्तेत. नजर लागती. बारकं लेकरूबी काढीत नाय. तुमी पोरीकून चारचौघांत बोलून घेतला.”

बाईंनी त्याला रोगाबद्दल समजावलं. गुरांच्या डॉक्टरला घेऊन त्या तळावर गेल्या. भागाजीने सगळ्या मेंढ्यांना लस टोचून घेतली, डॉक्टरला चहा पाजला आणि बाईंना म्हणाला, “सुई लागू पडली, उपकार झाले. पोरगी मात्र आता कळपासंगंच.” आजीने पूजाची पाटी आणून बाईंच्या हातात दिली. बाईंना तेच जास्त लागलं.

त्यानंतर त्या मुलांना लिंबाच्या पानांवर, खडूंवर मोजायला शिकवत. नव्या शिक्षिकांना सांगत, “पोराच्या घरात शिरायचं तर चप्पल काढून शिरावं. मी घालून शिरले.”

पुढे एका हिवाळ्यात बाई आणि मी सकाळी हर्सूल तलावाकडे फिरायला गेलो होतो. रस्त्यावरून एक कळप चालला होता; पुढे चालणारा भागाजी, हे बाईंनीच मला सांगितलं. पुलाच्या कठड्याशी काठी घेऊन पूजा उभी होती, उंच झालेली. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. अडकलेल्या स्कूटरवाल्याने वैतागून विचारलं, “अजून किती हायेत गं?”

“हायेत देवाची,” ती म्हणाली.

कळप सरला. तिने बाईंना ओळखलं, वाकून पाया पडली. बाईंनी शाळेचं विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, “सगळी आली का गं?”

“नाय बाई. एक मागं राह्यलीय.”

ती काठी घेऊन आल्या वाटेने परत गेली. बाई तिच्या वाटेकडे बघत कठड्यावर बसून राहिल्या. मी निघू म्हणालो, तर त्यांनी हातानेच थांबवलं.